मारुती जिप्सीत डिझेल इंजिन टाकायचं का? सातपुड्यात गाडी चालवणाऱ्यांनी बोला

धडगाववाला:
राम राम मंडळी. माझं मत आधीच सांगून टाकतो, सातपुड्यात कामाला जिप्सी वापरायची तर तिच्यात डिझेलच पाहिजे. माझी एमपीएफआय आहे (कार्बुरेटर नाही, इंजेक्शनवाली पेट्रोल), 1298 सीसी, 80 बीएचपी. गाडी हलकी, वजन हजार किलोच्या आसपास, पावसाळ्यात मोलगीकडच्या कच्च्या रस्त्याला मोठ्या गाड्या फसतात तिथून ही निघून जाते, त्याबद्दल काही तक्रारच नाही. पण तिचा 103 एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, येतो कुठे तर 4500 आरपीएमला. मागे खताच्या गोण्या, वर चार माणसं आणि चढावर मोठा धोंडा आला की इंजिन बोंबलत ठेवावं लागतं, क्लचचा वास सुटतो अन् पेट्रोलचा काटा डोळ्यादेखत खाली येतो. तेच स्विफ्टचं 1.3 डिझेल घ्या, 1248 सीसी, 190 एनएम अन् तेही 2000 आरपीएमला. जवळजवळ दुप्पट. शेतात ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम असतोच, वेगळा पंप शोधायला नको. कंपनीने इथं जिप्सी शेवटपर्यंत पेट्रोलच विकली, मग आपणच करायचं ना. विरोध असेल तर कारण देऊन लिहा.

तापीकाठचा:
दादा माझा विरोध आहे आणि कारण पण देतो. तुम्हाला टॉर्क पाहिजे चाकाला, इंजिनला नाही. जिप्सी किंगच्या ट्रान्सफर केसचा (फोर व्हीलसाठीचा वेगळा गिअरबॉक्स, त्यात हाय रस्त्याला अन् लो चढाला) लो रेशो 2.268 आहे. हीच गाडी बाहेरच्या देशात सामुराई म्हणून विकली गेली, तिच्यासाठी 4.16 चे रिडक्शन गिअर मिळतात. 4.16 ला 2.268 ने भागा, 1.83 येतं. आता 103 ला 1.83 ने गुणा, 188 च्या वर जातं. म्हणजे लो मध्ये तुमच्या डिझेलएवढी ताकद चाकाला मिळाली, इंजिनला हात न लावता, आरसीवरचा इंजिन नंबर तोच, वायरिंग तीच. जिप्सीची सगळी कमाई तिच्या हलकेपणात आहे आणि तुम्ही पुढच्या एक्सलवर लोखंड, टर्बो, इंटरकूलर चढवायला निघालेत. पुढचे पाटे बसणार, चिखलात नाक खाली जाणार. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर जड नाकाची गाडी कशी रुतते ते यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांना विचारा.

धडगाववाला:
गणित बरोबर आहे पण ते फक्त लो मध्ये. तोरणमाळचा घाट डांबरी आहे, तिथं कोणी लो टाकून चढतं का, टू व्हील हाय मध्येच भरलेली गाडी चढवायची असते आणि तिथं तुमचे गिअर काहीच कामाचे नाहीत. आणि दगडात 4.16 लावून गाडी चालेल मुंगीच्या चालीने, इंजिन मात्र तेवढंच ओरडत राहील, पेट्रोल जळायचं ते जळणारच.

गॅरेज_शहादा:
दोघंही कागदावर भांडताय, मी कामाचं सांगतो. स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं बसवायचं. म्हणजे गिअरबॉक्सला जोडायला अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील-क्लचचा मेळ, नवीन माउंटिंग, इंजिनखालचा ऑइलचा चेंबर पुढच्या डिफरन्शिअलला (एक्सलमधला गिअरचा गोळा) लागतोय का ते बघणं, सायलेन्सरचा पाइप फिरवणं. प्रोपेलर शाफ्टचा अँगल थोडा जरी चुकला तरी त्याच्या टोकाचे क्रॉस (जोड) टिकत नाहीत. ब्रेकचं तर लोक विसरूनच जातात. पेट्रोलला ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम (हवेची ओढ) इंजिनच्या मॅनिफोल्डमधून मिळतो, डिझेलला मिळत नाही, त्याचा व्हॅक्यूम पंप चालू पाहिजे, नाहीतर घाट उतरताना पेडल दगडासारखं कडक. त्यात ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, चोरी अडवणारा इमोबिलायझर, वायरिंगचा पूर्ण हार्नेस. हे सगळं जोडणारा माणूस शहरात सापडेल हो, पण डोंगरात एक सेन्सर गेला तर स्कॅनर घेऊन कोण येणार?
करायचंच असेल तर साधं मेकॅनिकल पंपाचं इंजिन बघा. झेन-एस्टीममध्ये पूर्वी प्युजोचं 1527 सीसी डिझेल यायचं ते बऱ्याच जणांनी जिप्सीत बसवलंय. ताकद 60 बीएचपीच्या आतच, पण खालून ओढतं आणि एकदा चालू झालं की त्याला वायरिंगची गरज जवळपास नाही. अडचण एवढीच की आता त्याचे पार्ट शोधत फिरावं लागतं.

आबा_नवापूर:
गॅरेजवाला भाऊनं बरोबर शे. आमच्या भागात जुन्या पेट्रोल जीपा होत्या, हरिकेन इंजिनवाल्या, मालकांनी एकेक करून डिझेल टाकलं तेव्हाच त्या धंद्याला परवडल्या. नदी ओलांडताना पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला पाणी लागलं की गाडी मध्येच बंद, डिझेलला प्लगच नाही तर भिजणार काय? आम्ही बाजाराच्या दिवशी माणसं भरून चालवलेल्या गाड्या या, तुमच्या पोरांच्या गिअरच्या गणितानं पोट भरत नाही भो.

तापीकाठचा:
आबा, तुमचा अनुभव मानतो, पण त्या जीपेचं अन् हिचं सारखं नाही. ती जीप होतीच जड, तिच्या चेसिसला अन् एक्सलला डिझेल झेपलं. आणि एमपीएफआय गाडीत पाणी वेगळ्याच जागी घात करतं, एअर क्लीनरमधून पाणी आत गेलं की पेट्रोल-डिझेल दोन्ही बसतात, उलट डिझेलचं कम्प्रेशन जास्त म्हणून कनेक्टिंग रॉड वाकायची भीती जास्त. त्याला उपाय स्नॉर्कल, म्हणजे हवा वरून घेणारा उंच पाइप, इंजिन बदलणं नाही.
अजून एक. जिप्सीचे डिफरन्शिअल सहा हजार फिरणाऱ्या इंजिनसाठी आहेत. डिझेल पाच हजारच्या आतच संपतं. धुळे-जळगाव हायवेला लागलात की ट्रक तुम्हाला ओव्हरटेक करणार आणि कानाला दडे बसणार. मग डिफरन्शिअल पण बदला, टायर पण मोठे करा, खर्चाला अंतच नाही. आणि आपला मे महिना, भुसावळला पारा 45 च्या वर, त्यात टर्बो डिझेल त्या छोट्याशा तोंडात कोंबून लो मध्ये चढवायचं, रेडिएटर कुठला बसवणार ते कोणी लिहिलंच नाही अजून.

आरसी_आधी_बघा:
मला इंजिनातलं कळत नाही, कागदातलं कळतं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवर जे लिहिलंय ते कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळं होईल असा बदल करता येत नाही. 9 जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने हेच पक्कं केलं. आणि 2019 च्या दुरुस्तीत 182ए(4) आलं, मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जुन्या बाजारातलं इंजिन घेतलं आणि त्याचा नंबर एखाद्या चोरीच्या गाडीचा निघाला तर तो वेगळाच फास. जिप्सीला पंधरा वर्षं झाली असतील तर नूतनीकरणाला इंजिन नंबर तपासतात, तिथं काय दाखवणार? अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच बघेल. मागे बसलेल्या माणसांचा विचार करा, नुसत्या गाडीचा नको.

धडगाववाला:
पण सीएनजी किट लावतातच ना लोक, ते चालतं मग हे का नाही?

आरसी_आधी_बघा:
कारण त्याला मंजूर किट आहे, अधिकृत फिटमेंट सेंटर आहे आणि आरसीवर नोंद होते. 2022 मध्ये डिझेल इंजिन काढून सीएनजी-एलपीजी बसवायला पण नियम केला. सरकार डिझेलकडून दुसरीकडे चाललंय आणि तुम्ही पेट्रोलवरून डिझेलकडे. आरटीओला लेखी अर्ज द्या, उत्तर लेखी घ्या, मगच इंजिनाला पैसे द्या. तोंडी 'होऊन जाईल' वर जाऊ नका.

धडगाववाला:
अर्ज देतो, नंदुरबारला जाणं होतंच. पण टॉर्कचं माझं मत बदललेलं नाही, आमच्याकडे पेशंट खाली आणायला रात्री हीच गाडी निघते, तेव्हा हाय मध्ये न अडखळता ओढणारं इंजिन लागतं, लो चे गिअर नाही. तापीकाठचे भाऊ, त्या गिअर सेटने ट्रान्सफर केसचे रबर माउंट टिकतात का ते पण लिहा, ताण तर तिथंही वाढणारच.

तापीकाठचा:
ताण वाढतो, खोटं बोलणार नाही. माउंट मजबूत करून घ्यावे लागतात आणि एक्सल सांभाळून पाय द्यावा लागतो. पण तोच ताण 190 एनएमने पण येणार, आणि तो सगळ्या गिअरमध्ये.

गॅरेज_शहादा:
दादा, शहाद्याला आलात तर गाडी घेऊनच या. इंजिन घ्यायच्या आधी फॅनपासून रेडिएटरपर्यंत आणि चेंबरपासून एक्सलपर्यंत जागा मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत. क्लच प्लेट पण उघडून बघू, ती घासलेली असेल तर चढावर गाडी तशीही ओढणार नाही.