मुरबाडच्या कौलारू घराला लाकडी सांगाड्याची जोड: ओक की सागवान?

घोडबंदरकर
मुरबाड तालुक्यात, गावठाणात जुनं कौलारू घर आहे. दगड-मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, मंगलोरी कौलं, जोतं दीड फूट. त्याला लागून 12 बाय 20 फुटांची एक खोली वाढवायची आहे. इंग्लंडमध्ये जुन्या खेड्यातल्या घरांना ओकच्या सांगाड्याची जोड देतात, तसं उघडं लाकूड, खुंट्यांचे सांधे, मोठ्या काचा असं हवं आहे. प्रश्न असे:
1. ओक आणावा का?
2. जुन्या घराला नवं छप्पर कसं जोडावं?
3. लाकूड साधारण किती लागेल, आणि कुठून घ्यावं?
ठाण्याहून शनिवार-रविवारच जाणं होतं, त्यामुळे सतत देखभाल मागणारं काही नको.

वखारीतला
ओक विसरा. तिकडे ओला ओक वापरतात, म्हणजे ताजा कापलेला. ओला असताना तो नरम असतो, खाचा पाडायला सोपा. बसवल्यावर सावकाश वाळतो आणि सांधे आवळत जातात. हे सगळं थंड हवेत, हळूहळू होतं. तोच ओला ओक कंटेनरमधून उन्हाळ्यात मुरबाडला आला तर वरचा थर आधी वाळेल, गाभा ओलाच राहील आणि खांब उभे फाटतील. दुसरं, आपल्या वाळवीपुढे युरोपीय ओक टिकण्याची खात्री नाही. सागाचा गाभा टिकतो, आकसतोही कमी.

ओकची रीत मात्र घ्या, ती सागाला चालते: खाच-कुसाचे सांधे (एका तुकड्याचं कोरलेलं टोक, म्हणजे कूस, दुसऱ्याच्या खाचेत बसतं), लाकडी खुंट्या, खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार, आणि काच सांगाड्यापासून वेगळी.

चौपाखी
घर दुपाखी की चौपाखी? त्यावर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरेल. आणि खोली कुठल्या बाजूला काढताय?

घोडबंदरकर
दुपाखी. आढं उत्तर-दक्षिण. मागची पश्चिमेची पडवी पडायला आली आहे, तिच्याच जागी काढायचा विचार होता.

चौपाखी
मग पश्चिम नको. पावसाची झड तिकडूनच येते आणि तुम्हाला काचाही हव्या आहेत. शिवाय तिथे नवं दुपाखी छप्पर जुन्याला काटकोनात भिडणार, म्हणजे दोन व्हॅली (दोन उतार मिळतात तिथली घळ) तयार होणार. कौलारू घरात गळती सुरू होते ती बहुतेक व्हॅलीतच. आंब्या-फणसाची पानं अडकतात, पाणी पत्र्याच्या कडेवरून आत शिरतं, आणि व्हॅलीखालचा वासा आतून कुजतो. बाहेरून काही दिसत नाही. दिसेपर्यंत वाशाचं टोक बोटाने दाबलं तर आत जातं.

खोली उत्तरेला घ्या. जुन्या घराची त्रिकोणी भिंत तिकडे आहे. नव्या खोलीचं आढंही उत्तर-दक्षिणच ठेवा, म्हणजे त्रिकोणासमोर त्रिकोण. मध्ये 4 फुटांचा बोळ सोडा आणि त्यावर बुटकं दुपाखी छप्पर, त्याचंही आढं त्याच दिशेला. सगळं पाणी पूर्व-पश्चिमेला पडेल, एकही व्हॅली नाही. बोळाचं छप्पर दोन्ही त्रिकोणी भिंतींना टेकतं तिथे पत्र्याची पट्टी भिंतीत दीड इंच खाच मारून आत घाला. नुसती सिलिकॉनने चिकटवली तर दोन पावसाळ्यांत सुटते.

व्हॅली टाळताच येत नसेल तर 24 गेजचा पत्रा, किमान 2 फूट रुंद, दोन्ही कडा पाऊण इंच उलट वळवलेल्या, खाली सलग फळी. आणि दर मे महिन्यात साफसफाई.

जुन्या आणि नव्या बांधकामाला एकमेकांत बांधू नका. जुनं घर बसून कधीच स्थिर झालंय, नवं पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत थोडं बसणार. बोळाच्या एका टोकाला इंचभर फट ठेवून वर पट्टी मारा. पायाचे खड्डे जुन्या भिंतीपासून 3 फूट तरी लांब घ्या. मातीत बांधलेल्या भिंतीच्या पायाखाली खणलं तर भिंत सरळ खड्ड्यात येते.

वखारीतला
लाकडाचा हिशेब. 12 बाय 20, मध्ये एक जोडी धरून सहा खांब, उतार 30 अंश (6 फुटाला साडेतीन फूट चढ), वळचण अडीच फूट.

खांब 6×6 इंच, 9 फूट, 6 नग: साडेतेरा घनफूट
लांब तुळया 5×8, 20 फूट, 2 नग: 11
आडव्या तुळया 5×8, 12 फूट, 3 नग: 10
आढं 4×6, 22 फूट: पावणेचार
आढ्याखालचे ठोकळे 5×5, साडेतीन फूट, 3 नग: पावणेदोन
वासे 3×4, साडेनऊ फूट, 24 नग, 2 फुटांवर: 19
रिपा 2×1, साधारण 460 फूट: साडेसहा
तिरपे आधार 3×5, 3 फूट, 12 नग: पावणेचार

बेरीज 70 च्या आत. कापणी आणि खराबी धरून 80 ते 85 घनफूट घ्या. 20 आणि 22 फुटांचे तुकडे सलग मिळाले नाहीत तर सांधा मधल्या खांबावर किंवा मधल्या ठोकळ्यावरच येऊ द्या, गाळ्याच्या मध्ये, म्हणजे दोन खांबांच्या मधोमध नाही. पक्के आकार स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घ्या. मधल्या आडव्या तुळईवर आढ्याचा भार बरोबर मध्यावर येतो, तीच जागा नाजूक.

कौलं: छपराचं क्षेत्र सुमारे 40 चौरस मीटर, चौरस मीटरला 15 धरा. 600, अधिक तूटफूट मिळून 660. रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेली दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मोजा. भट्टीभट्टीत फरक असतो आणि अर्ध्या इंचाची चूक दहाव्या ओळीला पाच इंच होते.

घोडबंदरकर
उत्तम. उत्तरेलाच घेतो. नवं लाकूड घ्यावं की जुनं?

वखारीतला
खांब-तुळयांना जुनं, वासे-रिपांना नवं. 6×6 चा नवा खांब गाभ्यापर्यंत वाळायला वर्षं लागतात. ढोबळ धरलं तर हवेवर इंचाला एक वर्ष. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड आधीच वाळलेलं असतं. मुंबईत रे रोडच्या वखारींत मिळतं. घेताना हे बघा:

भिंतीत गाडलेली टोकं. स्क्रूड्रायव्हर खुपसा. आत गेला तर तेवढा भाग कापून लांबी मोजायची, पैसेही तेवढ्याचेच.

जुन्या खाचा. तुळईच्या खालच्या अंगाला, मधल्या तिसऱ्या भागात खाच असेल तर ती तुळई म्हणून नको, दोन तुकडे करून आधारांना वापरा. ताण तिथेच सगळ्यात जास्त.

खिळे. सॉ मिलला नेण्याआधी लोहचुंबक फिरवा. एका मोडक्या खिळ्याने पातं गेलं तर गिरणीवाला भरपाई मागतो, आणि बरोबर मागतो.

पिवळट कड. सागाचा फक्त गाभा टिकतो, बाहेरची फिकट कड घुणे (लाकूड पोखरणारे किडे) खातात. घाना देशातून येणाऱ्या सागात ही कड जास्त आणि ओंडके आखूड.

ओंडका घेतला तर माप समजून घ्या. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 4 फूट घेर, 10 फूट लांबी म्हणजे 10 घनफूट. त्यातून चौकोनी तुकडा निघतो जेमतेम 8 चा, तोही कोपऱ्यांना कड धरून. म्हणून दर विचारताना ‘चिरीव की गोल’ हे आधी विचारा, नाहीतर दोन वखारींच्या दरांची तुलनाच होत नाही.

आणि बिल घ्या. जात आणि घनफूट लिहिलेलं. स्वतःच्या शेतातला साग तोडायचा असेल तरी वनविभागाची तोडपरवानगी आणि वाहतूक परवाना लागतो.

रंधा_पटाशी
सांध्यांबद्दल एक. ओकवाले कुसातलं खुंटीचं भोक मुद्दाम 3 मिलिमीटर खांद्याकडे (कुसाच्या मुळाकडे) सरकवून पाडतात. खुंटी ठोकली की सांधा ओढला जातो. वाळलेल्या सागात 3 मिलिमीटर सरकवाल तर कुसाचं टोक फुटेल. एक ते दीड पुरे. कुसाची जाडी तुकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे 6 इंची खांबात 2 इंच. खुंटी 18 ते 20 मिलिमीटर, सरळ धाग्याच्या लाकडाची, चिरून काढलेली. बाजारातला गोल दांडका नको, त्यात धागा तिरका असतो आणि खुंटी ठोकतानाच तुटते.

सांध्यात फेविकॉल भरायची गरज नाही. कुठे लावायचाच असेल तर सागाच्या अंगचं तेल आधी थिनरने पुसून घ्या.

चौपाखी
+1. खांबाच्या पायाचं राहिलं. खांब काँक्रीटमध्ये गाडू नका, सुताराने कितीही आग्रह केला तरी. पाणी खाली साचतं आणि खांब जमिनीलगत कुजतो. जुन्या घरासारखा दगडी तळखडा घ्या, 12×12 इंच, वरचा माथा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. मध्ये 20 मिलिमीटरचा स्टेनलेस दांडा, वर खांबात 4 इंच. हा दांडा खांबाला सरकू देत नाही, पण वादळात वर उचलण्यापासून धरत नाही. त्यासाठी चारही कोपऱ्यांच्या खांबांना स्टेनलेस पट्टी, बोल्ट आरपार, पट्टीचं दुसरं टोक पायाच्या काँक्रीटमध्ये. अडीच फुटांची वळचण वाऱ्याला चांगली सापडते. नव्या खोलीचं जोतं जुन्यापेक्षा खाली घेऊ नका.

काच: खांबात खाच मारून त्यात बसवू नका. बाहेरच्या अंगाला रबरी पट्टीवर काच, वरून लाकडी पट्टी स्क्रूने. चारी बाजूंना 10 मिलिमीटर मोकळीक. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. काच तसं करत नाही.

माती_चुना
जुन्या घराला हात लावणार असाल तर मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा नको. जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते, गिलावा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो आणि सोबत भिंतीची मातीही घेऊन येतो. मुरवलेला चुना 1, चाळलेली वाळू 3, दोन थरांत, प्रत्येक थर बोटभर जाडीच्या आत. उन्हात लगेच वाळू देऊ नका, आठवडाभर गोणपाट ओलं ठेवा. वेळ लागतो, गवंडी कुरकुरतो.

घोडबंदरकर
वाळवी आणि तेल यांचंही सांगा. दर वर्षी पॉलिश जमणार नाही.

माती_चुना
वाळवी: नव्या खोलीत भरणी करतानाच मातीला औषध. जुन्या घरात फरशी आणि भिंतीच्या सांध्यालगत 12 मिलिमीटरची भोकं, फुटाफुटावर, प्रत्येकात एक लिटर द्रावण. आयएस 6313 (वाळवीबद्दलचं भारतीय मानक) भाग 3 मध्ये हीच रीत आहे. औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर लिटरला 2.1 मिलिलिटर. विहीर जवळ असेल तर आधी कंत्राटदाराला दाखवा, त्या बाजूला औषध सोडू नये.

घुण्यासाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी चालतं, पण फक्त आतल्या लाकडाला. पावसात ते धुऊन जातं.

रंधा_पटाशी
बाहेरच्या लाकडाला जवसाचं तेल लावलं तर आपल्या पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी चढते. काहीच लावलं नाही तर साग राखाडी होतो, बिघडत नाही. तुमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांना तेच बरं. भिंतीत जाणाऱ्या आणि तळखड्याला टेकणाऱ्या टोकांना मात्र काजूच्या टरफलाचं तेल दोन हात द्या. हातमोजे घालून, कातडी भाजते. आत जवसाचं तेल लावलं तर पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

चौपाखी
वेळेचं: जुनं छप्पर उघडायचं असेल तर दिवाळीनंतर. सांगाडा जमिनीवर जुळवून, सांध्यांवर खुणा करून मगच उभा करा. कौलं मेअखेर चढली पाहिजेत. आणि सुताराला आगाऊ देण्याआधी नमुना 8 वर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) घराचं क्षेत्र नीट लागलंय का ते बघा, वाढीव खोलीच्या परवानगीचं ग्रामपंचायतीत विचारा. उत्तरेलाच घेतो म्हणालात, पण तिकडची जागा तुमच्या हद्दीत किती हे वळचणीसकट मोजा. अडीच फुटांची वळचण शेजाऱ्याच्या अंगणावर आली तर पागोळ्यांवरून भांडण ठरलेलं.

घोडबंदरकर
वळचण धरून उत्तरेला 31 फूट आहेत. बोळ 4, खोली 20, त्रिकोणी टोकाला वळचण दीड फूट पुरेल ना?

चौपाखी
पुरेल. तिकडे पाणी पडत नाही, फक्त झडीपासून भिंत वाचवायची आहे. उरलेल्या साडेपाच फुटांत जायला-यायला वाट ठेवा, शिडी लावायला लागतेच. मात्र वखारीतल्यांच्या यादीत आढं 22 फूट धरलंय ते तसंच राहू द्या, वाढवू नका.