मदत हवी आहे : मुलीच्या सरांचा प्रचार, आणि आमचा एच-वन-बी

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यात, नॅशुआला राहतो. लेकीचे इतिहासाचे सर यंदा राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी उभे आहेत. आधी सैन्यात होते, मग शिक्षक झाले. इथल्या सभागृहात तब्बल 400 सदस्य आहेत आणि मानधन वर्षाला फक्त 100 डॉलर! (आपल्याकडच्या आमदारांना हे सांगितलं तर हसतील.) एकेका सदस्यामागे साधारण साडेतीन हजार लोक, त्यामुळे प्रचार म्हणजे खरोखर दारोदार फिरणं.

सरांनी विचारलं, शनिवारी पत्रकं वाटायला याल का? मला फार इच्छा आहे. पण मी एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा), बायको एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा), ग्रीन कार्डची रांग तर तुम्हाला ठाऊकच. मतदान आणि देणगी आम्हाला बंद, हे पक्कं माहीत आहे. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, आम्ही नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम चालतं, असंही वाचलंय.

अडतंय ते इथे : घरी शेजाऱ्यांना बोलावून सरांशी गप्पांचा कार्यक्रम ठेवावा म्हणतोय. चहा आणि बटाटेवड्यांचा खर्च आमचा. तो खर्च देणगीत धरतात का? अंगणात त्यांच्या नावाची पाटी लावली तर? बायको म्हणते, वड्यांपायी व्हिसा घालवू नकोस.

कुणी प्रत्यक्ष असं काम केलंय का? वकिलाला विचारलं असेल तर तो काय म्हणाला, तेही कळवा. शनिवारच्या आत कळलं तर बरं.