क्रिप्टोत बुडालेला पैसा हिशेबात का धरत नाहीत?

गलाईवाला, विटा
आमच्या घरात तीन पिढ्या सोनं-चांदी गाळण्याचं काम. कर नकोच, असं माझं म्हणणं नाही. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या, नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो, वर सेस, म्हणजे त्या करावर आणखी उपकर. खरेदीची किंमत सोडली तर दुसरा कुठलाच खर्च वजा होत नाही. तेही सोसू. पण एका नाण्यात लाख मिळाले आणि दुसऱ्यात लाख गेले, तर हातात शून्य आणि कर ३१,२०० रुपये! शेअरमधला तोटा आठ वर्षं पुढं ओढता येतो, क्रिप्टोतला पुढच्या वर्षीही नाही. जर्मनीत खासगी माणसानं वर्षभर नाणं धरून ठेवलं की नफ्यावर कर लागत नाही. पोर्तुगालनं २०२३ पासून २८ टक्के लावले, तेही वर्षाच्या आत विकणाऱ्यालाच. आपल्याकडं दहा वर्षं सांभाळणारा आणि सकाळ-संध्याकाळ सट्टा खेळणारा एकाच तागडीत.

बेदाणा, तासगाव
दादा, शेअरमागं कारखाना असतो. आम्ही सौद्यात माल हातात घेऊन बघतो, मग बोली लावतो. या नाण्यामागं काय आहे? माझ्या भाच्यानं २०२१ च्या तेजीत द्राक्षाच्या पट्टीचे पैसे घातले. वर्षभरात पाव हिस्सा उरला. राहिलेलं यंदा विकून मोकळा झाला. पोरांना आवरायला जबर करच पाहिजे. एल साल्वादोरनं सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं. पुढं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १.४ अब्ज डॉलरचं कर्ज घ्यायची वेळ आली, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये दुकानदारांवरची सक्ती काढावी लागली. चीननं तर २०२१ मध्ये सगळे व्यवहारच बेकायदा ठरवले. आपलं सरकार त्या मानानं मवाळ आहे.

गलाईवाला, विटा
भाच्याचं ऐकून वाईट वाटलं. पण त्याला आवरलं कुठं? कर नफ्यावर आहे, तो तर तोट्यात गेला. एखाद्या नाण्यात चार पैसे मिळाले असते तर त्यावर करही भरावा लागला असता. सरकारला हे घातक वाटत असेल तर चीनसारखं सरळ बंद करावं. चालू ठेवायचं आणि फक्त नफ्यात वाटा मागायचा, हे मला पटत नाही.

हिशेबनीस, सांगली
मी लोकांची विवरणपत्रं भरतो. ३० टक्क्यांपेक्षा धंदा करणाऱ्याला जाच होतो तो जुलै २०२२ पासूनच्या एक टक्का टीडीएसचा, म्हणजे विकतानाच कापून घेतल्या जाणाऱ्या कराचा. तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापतात. भाव हलला नाही तरी तेच भांडवल पन्नास वेळा फिरवलं की जवळपास चाळीस टक्के अडकून पडतं. मात्र टीडीएस काढूच नये, असं मी म्हणणार नाही. कोणी किती विकलं याचा माग त्यातूनच लागतो. ०.०१ टक्का ठेवला तरी तो लागेल.

बेदाणा, तासगाव
टीडीएस कमी करा, हरकत नाही. पण तोटा वजा करायला दिला की लोक तोटा दाखवायला खोटे व्यवहार करतील. स्वतःच स्वतःला विकायचं, कोण बघतंय?

हिशेबनीस, सांगली
ती भीती खरी आहे. म्हणून क्रिप्टोचा तोटा क्रिप्टोच्याच नफ्यातून वजा होऊ द्यावा, पगारातून किंवा शेअरमधून नाही. आणि काका, भाच्यानं यंदा विकलंय ना? टीडीएस कापला असेल तर आयकराच्या पोर्टलवर दिसेल. दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर ते पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र मुदतीत भरायला लावा.