शाळेच्या नव्या लॅपटॉपवरचा कचरा काढायचा का?

प्रेषक: शाळा समिती

नमस्कार मंडळी,
रविवारच्या मराठी शाळेसाठी मागवलेले लॅपटॉप आले. एक उघडून बघितला तर बाराखडीचं पान लावायच्या आधीच अँटीव्हायरसची खिडकी, तुमचं संरक्षण संपत आलंय म्हणून. मशीन खोक्यातून काढून अर्धा तास झाला नव्हता हो! शिवाय दोन गेम, शॉपिंगचं काहीतरी आणि एक "असिस्टंट", तो बंद केला की परत डोकं वर काढतो. एक आजोबा तर घाबरून क्रेडिट कार्ड काढत होते, त्यांना थांबवलं. हे सगळं ठेवायचं की उडवायचं? आपल्या मंडळात दगड मारला तर आयटीवाल्यालाच लागतो, तेव्हा कोणीतरी बोला.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, त्या अ‍ॅपवाल्या कंपन्या लॅपटॉपवाल्याला पैसे देतात म्हणून तर आपल्याला एवढ्या भावात मिळाले. नको ते अनइन्स्टॉल करा, दहा मिनिटांचं काम, उगाच बाऊ नको.

प्रेषक: सांस्कृतिक समिती (दिवसा सिक्युरिटीवाला)

काका, आपण मॉरिसव्हिलच्या, म्हणजे लेनोवोच्या अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसच्या आसपास राहतो आणि तुम्ही हे म्हणताय म्हणून जरा लांबण लावतो, माफी असावी. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोवोच्या घरगुती लॅपटॉपवर (ऑफिसवाल्या थिंकपॅडवर नाही, ते सुटले) सुपरफिश नावाच्या कंपनीचं व्हिज्युअल डिस्कव्हरी म्हणून एक सॉफ्टवेअर आलं होतं. काम काय, तर शॉपिंग साइटवर एखाद्या दिव्याच्या फोटोवर माउस नेला की तसलेच दुसरे दिवे विकायला दाखवायचे. इथवर नुसता वैताग. पण एचटीटीपीएसच्या, म्हणजे कुलूपबंद पानातही जाहिरात घुसवायची म्हणून त्यांनी विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साइट खरी मानायची हे ठरवणारा शिक्का) टाकलं, म्हणजे तुम्ही बँकेचं पान उघडलं की ब्राउझरला कुलूप दिसायचं ते बँकेचं नाही, सुपरफिशचं, आणि मधे बसून सगळी वाहतूक ते सॉफ्टवेअर उघडून बघू शकायचं. त्यात कडी म्हणजे सगळ्या मशीनवर खाजगी की, म्हणजे तो शिक्का मारायची गुप्त किल्ली, एकच! बिल्डरने अख्ख्या सोसायटीला एकाच किल्लीची कुलपं बसवावीत तसं. रॉबर्ट ग्रॅहम नावाच्या संशोधकाने फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या कीचा पासवर्ड काढला, तो निघाला सरळ "komodia" (कोमोडिया), ज्या कंपनीने ती मधे घुसायची यंत्रणा बनवली तिचंच नाव. म्हणजे कॅफेच्या वायफायवर शेजारी बसलेल्या कोणालाही तुमच्यासाठी खोटी बँक उभी करता आली असती.

आणि काका, तुमची दहा मिनिटं: सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तरी ते सर्टिफिकेट तिथेच राहायचं! लोकांना वाटलं घाण गेली. शेवटी मायक्रोसॉफ्टने विंडोज डिफेंडरमधून दोन्ही उडवलं, लेनोवोनेही साफ करायचं टूल दिलं. पण आधी लेनोवोचं म्हणणं होतं की काळजी करण्यासारखं काही सापडलं नाही. मला राग त्याचा जास्त येतो.

प्रेषक: सदस्य, केरी

दादा, सगळं खरं, पण दहा वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे आणि आपल्यातले कितीतरी जण तिथे नोकरीला आहेत, हेही लिहा की. सप्टेंबर २०१७ मध्ये लेनोवोचा एफटीसी (ग्राहकांची बाजू बघणारी अमेरिकन सरकारी संस्था) आणि ३२ राज्यांशी समझोता झाला, ३५ लाख डॉलर राज्यांना दिले, प्रीलोड, म्हणजे आधीच भरून दिलेल्या सॉफ्टवेअरसाठी २० वर्षांचा सुरक्षा कार्यक्रम आणि बाहेरच्यांकडून ऑडिट मान्य केलं. एकट्या त्यांच्यावर कशाला? त्याच २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये डेलच्या मशीनवर ई-डेल-रूट नावाचं तसलंच सर्टिफिकेट सापडलंच ना, तेही खाजगी कीसकट, आणि नुसतं सर्टिफिकेट डिलीट केलं तर परत येणारं.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

ताई, मान्य, आणि तिथल्या इंजिनिअर लोकांवर माझा राग नाहीच, हे सौदे वर कुठेतरी होतात. पण डेलचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम सोपं केलंत. जाहिरात दाखवायची म्हणून असो की सपोर्टवाल्याला मॉडेल नंबर पटकन कळावा म्हणून असो, मशीन आपलं, पैसे आपले, आणि आत कोणाला बसवायचं हे विचारायची पद्धतच नाही. विचारलं असतं तर कोण हो म्हणालं असतं? म्हणूनच विचारत नाहीत. स्वस्त पडतं म्हणता तर काका, सोनीने २००८ मध्ये आपल्या एका वायो लॅपटॉपवर कचरा न टाकता द्यायचे ५० डॉलर लावले होते, बोंब झाल्यावर ते फुकट केलं.

तर शाळेच्या मशीनचं असं करू. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घेऊन कोरं इन्स्टॉल करू, लायसन्सचा नंबर मशीनच्या मदरबोर्डवरच असतो, आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. सॉलिटेअर वगैरे तरीही येईल, ते हाताने काढू. बायोसमधून (मशीन चालू करणारं मुळातलं सॉफ्टवेअर) परत घुसणारे प्रकारही असतात, लेनोवोचं एक २०१५ मध्येच गाजलं होतं, म्हणून बायोस अपडेट करून मग बघू काय उगवतंय. शनिवारी दुपारी दोन माणसं लागतील, आणि ८ जीबीचा तरी पेनड्राइव्ह. मुलांचे पासवर्ड तोवर कोणी टाकू नका.

प्रेषक: शाळा समिती

मी येते. पेनड्राइव्ह १६ चा आणते. त्या आजोबांनाही घेऊन येते, त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर पण तीच खिडकी येते म्हणे आणि गेल्या वर्षी त्यांनी पैसे भरलेत.

प्रेषक: खजिनदार

बरं, करा. पेनड्राइव्हची पावती ठेवा, पावतीशिवाय पैसे मिळणार नाहीत.