मदत हवी आहे : जमिनीची हाव की ‘आपलीच रीत खरी’ ही समजूत?

अकरावीला समाजशास्त्रात स्वसमूहकेंद्रितता, म्हणजे आपल्याच समूहाच्या रीतीने इतरांना मोजणं, शिकवतेय. व्याख्या मुलांना कळली, उदाहरणापाशी अडलेय.

ऑस्ट्रेलियातल्या बज बिम या जागेचं उदाहरण घेतलं होतं. गुंडिचमारा या तिथल्या मूळ रहिवाशांनी लाव्हाच्या काळ्या दगडांत चर काढून, बांध घालून ईल मासे वाढवले. चराच्या अरुंद तोंडाशी विणलेली लांबट टोपली लावायची, मासा आपसूक आत. किमान ६,६०० वर्षांची ही व्यवस्था! पण गोऱ्या वसाहतवाल्यांच्या लेखी शेती म्हणजे नांगर आणि कुंपण. ते दिसलं नाही, म्हणजे जमीन बेवारस. १८३०च्या दशकात मेंढ्यांचे कळप घुसले आणि पुढे कित्येक वर्षं रक्त सांडलं.

यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, त्यांना जमीनच हवी होती. समजूत हे नुसतं निमित्त.” मला तिचं अर्धं पटतं. मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काच्या माबो खटल्याचा १९९२चा निकाल सांगून पाहिला, ‘बेवारस जमीन’ ही कल्पना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा नाकारली. पण त्यातून हाव आणि समजूत वेगळी करता येईना.

आता जवळचं उदाहरण हवंय. इंग्रजांच्या वनखात्याने कुलाबा-ठाण्याकडच्या कातकरी-ठाकरांची दळी शेती (डोंगरउतारावर झाडोरा तोडून-जाळून राखेत पेरण्याची फिरती शेती) जंगलाची नासाडी ठरवून आवळत नेली, एवढं माहीत आहे. वर्गात कातकरी, ठाकर मुलंही आहेत, त्यामुळे त्यांना बिचारं ठरवणारा मजकूर नको. तास ३५ मिनिटांचा, प्रोजेक्टर नाही, वाचन मराठीतच हवं.

दळीबद्दल त्या अधिकाऱ्यांची स्वतःची भाषा दिसेल असा एखादा उतारा मराठीत कुठे मिळेल? आणि त्या मुलीला तुम्ही काय उत्तर दिलं असतं?