सायकलवर मुक्कामाची जागा: आडोसा, निवारा की आसरा?

दिवाळीनंतर कोकण किनाऱ्याने सायकल चालवत गेलो, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड दोन्ही फेरीबोटी घेतल्या, सामान सगळं सायकललाच बांधलेलं आणि रात्री तंबू. आता ग्रुपसाठी मराठीत टिपण लिहितोय आणि 'शेल्टर्ड' जागेला शब्दच बसेना. सुरक्षित म्हटलं तर चोरीमारीचा विषय वाटतो, निवारा म्हटलं की शहरातलं रात्र निवारा केंद्र डोळ्यासमोर येतं. एका जेटीवर मावशींना विचारलं, रात्रीपुरता आडोसा कुठे मिळेल, तर त्यांनी सरळ शौचालयाकडे बोट दाखवलं. नेमका शब्द कुठला, सांगा प्लीज.

—

मावशींचं बरोबरच आहे, आडोशाला जाणं म्हटलं की बोलण्यात आधी तोच अर्थ येतो. पण तुमचा शब्दही चुकलेला नाही. आडोसा बाजूने येणारं अडवतो, वारा म्हणा नाहीतर लोकांची नजर, मग तो गडगा असो की करवंदीची जाळी, डोक्यावर छप्पर असेलच असं नाही. निवारा वरून येणारं निवारतो, ऊन-पाऊस. आणि आसरा माणूस देतो. म्हणून सुरूच्या बनात तंबू लावलात तो आडोसा, देवळाचा सभामंडप हा निवारा, आणि कोणी "पडवीत झोपा की" म्हणालं तर तो आसरा. (माडाखाली मात्र तंबू नकोच, झावळ कधी पडेल सांगता येत नाही.)

अजून एक, नदीकाठी किंवा विहिरीपाशी कोणी "इथे आसरा आहेत" म्हणालं तर ती राहायची सोय नव्हे. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता, तो शब्द अप्सरावरून आलाय. शेंदूर लावलेले सात दगड दिसले तर जरा लांबच थांबा, गावातल्यांची श्रद्धा असते.

—

वळचण राहिली की! कौलारू छप्पर भिंतीच्या बाहेर येतं ना, त्याच्या खालची जागा. मागे ऑक्टोबरात आंबा घाट चढून वर आलो आणि परतीच्या पावसाने गाठलं, एका शाळेच्या वळचणीला दोन तास उभा होतो, पागोळ्या बरोब्बर सायकलच्या मागच्या चाकावर पडत होत्या, पाठ भिंतीला चिकटवली तर कोरडा आणि वीतभर पुढे सरकलो की भिजलोच. आता हा शब्द पेपरात 'सत्तेच्या वळचणीला' एवढ्यापुरताच वाचायला मिळतो याचं मनापासून वाईट वाटतं. पण वळचणीला थांबता येतं, पथारी नाही पसरता येत.

—

गावात विचारताना यातला एकही शब्द वापरू नका. "मुक्कामाची सोय होईल का?" एवढंच विचारा. 'टेंट लावू का' म्हटलं की लोकांना साप-विंचवाची काळजी लागते, मुक्काम म्हटलं की पुढचा प्रश्न "जेवणाचं काय?" हाच असतो. मी तर दुपारीच रस्त्यात चौकशी करून ठेवतो, मुक्कामी एसटी कुठल्या गावाला जाते. जिथे वस्तीची गाडी थांबते तिथे ड्रायव्हर-कंडक्टर रात्री झोपतात, म्हणजे पाठ टेकायला जागा असते आणि गावाला परक्या माणसाची सवयही असते. आमच्या कोल्हापूरकडे घराच्या पुढच्या भागाला सोपा म्हणतात, सोप्यात झोप म्हणाले की समजायचं आपल्याला घरातलं धरलं.

—

मला विचाराल तर शब्द आहे, निवात. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'यथा दीपो निवातस्थो' येतं, वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा, ज्योत हलत नाही. तुम्हाला नेमकी हीच जागा हवी आहे ना? आपला निवांतही मला त्याच्याच घरातला वाटतो. मी जागा ठरवायच्या आधी खाली बसून, झोपल्यावर डोकं जिथे येईल त्या उंचीवर आगपेटीची काडी ओढतो, सरळ जळली तरच सामान सोडतो. उभं राहून वारा कळत नाही. आणि वारा नाही म्हणून थंडीत ओढ्याच्या खोलगटात जाऊ नका, रात्री गार हवा उतरून तिथेच साचते, दहा-वीस फूट वर झोपलात तरी फरक पडतो.

—

निवात आवडला, हाच घेतो! पण काडी कुठल्या वेळेला ओढायची हेही लिहावं लागेल. माझं एका बीचवर नेमकं तेच झालं, संध्याकाळी समुद्रावरून वारा म्हणून वाळूच्या टेकाडामागे, तंबूचं दार गावाकडे करून झोपलो, अगदी गप्प जागा होती. पहाटे तीनला वारा फिरला आणि दार फडफडायला लागलं. शाळेत भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे, दिवसा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून, ते त्या रात्री पहिल्यांदा अंगाला लागले. त्यामुळे टिपणात प्रत्येक जागेपुढे आता दोन खुणा करतोय, 'खाऱ्याला निवात' आणि 'मतलईला निवात'. दोन्ही खुणा पडल्यात अशी जागा सगळ्या किनाऱ्यावर मला एकच सापडली, एका देवळामागची जुनी धर्मशाळा, तिन्ही बाजूंनी चिऱ्याची भिंत.