ओरखडे दिसले की लगेच हिमचादरीची हद्द?

दगडधोंडे (धागाकर्ता)
काल 'सीमारेषा' यांनी लिहिलं: "चिकणमातीत विखुरलेले गोटे आणि त्यांवर ओरखडे, म्हणजे टिल, बर्फाने थेट टाकलेला गाळ. टिलची बाहेरची कड जोडत गेलं की प्राचीन हिमचादरीची हद्द हातात. उगाच अवघड करू नका." वाचून राहवलं नाही.

माती, वाळू, गोटे एकत्र दिसले की तो डायमिक्टन, एवढंच. तो कसा साचला हे त्या नावात नाही. उतारावरून घसरलेला चिखल तसाच दिसतो. घसरलेला मालच मुळात टिल असेल, तर ओरखडे घेऊनच खाली येतो. थोड्या अंतरात ते पुसले जात नाहीत. तरंगत्या हिमनगातून सुटलेले गोटे समुद्रतळाच्या चिखलात रुतले, तरी चित्र तेच.

बर्फाच्या बुडाशी साचला म्हणायचं असेल तर आधी खालचा सांधा खणून उघडा करा. खालचा थर कापला गेलाय का? चुरगळलाय का? त्याचे लचके वर ओढले गेलेत का? थरात रुतलेल्या मोठ्या धोंड्यांची निमुळती, घासलेली टोकं बर्फ आला त्या दिशेला आणि तुटकी टोकं उलट्या बाजूला, असं एकामागून एक दिसतंय का? यातलं काहीच न बघता रेघ ओढायची?

आणि कड म्हणजे हद्द नव्हेच. वितळपाण्याने टिल धुऊन नेला असेल, वाळूखाली गाडला असेल. ज्याचं बूड जमिनीला गोठलेलं होतं तो बर्फ तर जुना दगडचुरा जसाच्या तसा ठेवून निघून जातो. टिलची कड सांगते "निदान इथवर". त्यापुढे नव्हता, हे ती सांगत नाही.

सीमारेषा
वा! म्हणजे नकाशे काढायचेच नाहीत. मग संगणकावर जुना बर्फ मांडणाऱ्या मॉडेलवाल्यांनी आपलं गणित पडताळायचं कशाशी? तुमच्या "कदाचित"शी?

टिल पटत नसेल तर परके, म्हणजे दुसरीकडून वाहून आलेले, दगड घ्या. स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेगचा, रीबेकाइट या निळसर खनिजाचा ग्रॅनाइट ओळखायला सोपा, उगम एक इवलंसं बेट, आणि त्याचे तुकडे वेल्स आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर. ते काय पोहत गेले?

शंकासुर
काही पोहतही गेले असतील हो, बर्फाच्या लादीवर बसून. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये पोर्थलेव्हनच्या किनाऱ्यावर सुमारे ५० टनांची नाइसची (पट्टेदार रूपांतरित खडकाची) शिळा पडली आहे. तिथली नाही. तिच्यासाठी रेघ तिथवर ताणणार का? किनाऱ्यावरच्या लहान दगडांचं तर आणखी अवघड. जहाजांनी तोल सांभाळायला भरलेले दगडही किनाऱ्यावर ओतले आहेत. परका दगड थराच्या आत सापडला तर बोला, वाळूवर सुटा असेल तर नको.

सीमारेषा
हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तुमची लादी शिळा घेऊन आजच्या किनाऱ्यावर चढली कशी, तेवढं सांगा.

शंकासुर
ती शिळा त्याच हिमयुगात आली हे कोणी ठरवलं? परका दगड आधीच्या हिमयुगात येतो, पुढच्यात पुन्हा ढकलला जातो. दगडाला तारीख नसते.

पन्नासगोटे
अवांतर होईल, पण बोलतोच. सगळे गोट्यांच्या रूपावर भांडताय, ते पडलेत कसे हे कोणी मोजतं का? उघड्या कड्यावरचा सैल, वाळलेला थर आधी खरवडून काढा. लांबी रुंदीच्या निदान दीडपट असेल असेच गोटे घ्या. तेही ५० घ्या. २५ वर भागवू नका, कमी गोट्यांत निव्वळ योगायोगही शिस्त वाटतो. गोटा हलकेच काढा, त्याच्या खाचेत सुई ठेवा, दिशा आणि कल मोजा. सुई पोलादी नको. होकायंत्र तिच्याकडे वळतं आणि मग लोक "बर्फाचा प्रवाह अचानक वळला" असं छापतात.

सीमारेषा
आणि त्या ५० गोट्यांतून काय निघतं? तुमचा एस-१, म्हणजे गोटे किती एका दिशेला आहेत त्याचा आकडा, एक तृतीयांशाजवळ म्हणजे सगळा गोंधळ, एकाजवळ म्हणजे सगळे एका रांगेत. पण मधला आकडा आला की तो बुडाच्या टिललाही बसतो आणि चिखलाच्या लोंढ्यालाही. दोन्हींचे पट्टे एकमेकांवर चढतात, हे जगजाहीर आहे. तुम्ही सुया बदलत बसा.

पन्नासगोटे
आकडा एकटा बघणाऱ्याला तसंच वाटणार! गोट्यांची दिशा आजच्या उताराशी जुळते की शेजारच्या खडकावरच्या ओरखड्यांशी, हे बघायचं. उताराशी जुळली तर घसरणीचा संशय. ओरखड्यांशी जुळली, आणि शिवाय गोटे बर्फ आला त्या बाजूला कललेले असले, तर टिल म्हणायला आधार. जागाही एक नको, एकाच कड्यावर तीन-चार तरी.

सीमारेषा
आणि उतार व ओरखडे एकाच दिशेला असले तर? दऱ्यांमध्ये बहुतेकदा तेच असतं.

पन्नासगोटे
मग दरीत मोजू नका! पठारावर जा!!

दगडधोंडे
धागा सुयांवर गेला. परत या. टिलच्या कडेवर विसंबलं की काय होतं त्याचा नमुना कॉर्नवॉलजवळची सिली बेटं. उत्तरेकडच्या बेटांवरून जाणारी रेघ वर्षानुवर्षं नकाशात होती.

खोलपाण्यातला
आणि समुद्रतळाचे गाभे (नळीने काढलेले गाळाचे उभे नमुने) काढल्यावर बर्फ पार आयर्लंडच्या दक्षिणेच्या सेल्टिक समुद्रातल्या भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या, कडेपर्यंत निघाला, सुमारे २५-२६ हजार वर्षांपूर्वी. तिथे नुसता डायमिक्टन बघून ठरवत नाहीत. गाभ्यातला थर किती घट्ट दाबलाय ते मोजतात, त्यात सूक्ष्म शिंपले जागच्या जागी वाढलेले आहेत की मोडके, दुसरीकडून उचललेले, ते बघतात. पण घट्टपणावरही भाळू नका. हिमनग तळाला टेकून घासत गेला तरी चिखल दाबला जातो. आणि मोडका शिंपला कार्बनने मोजलात तर तारीख शिंपल्याची मिळते, बर्फाची नाही. बर्फ त्यानंतर आला, एवढंच कळतं.

सीमारेषा
म्हणून तर धोंड्यांवर बेरिलियम-१० मोजतात, उघड्या दगडात वैश्विक किरणांनी साठत जाणारं; त्यावरून दगड किती काळ उघडा आहे ते कळतं. बोला आता.

दगडधोंडे
बोलतो. समुद्रसपाटीला, ध्रुवांकडच्या अक्षांशांत, ग्रॅमभर क्वार्ट्झमध्ये वर्षाला चारच्या आसपास अणू तयार होतात. धोंडा बर्फात यायच्या आधी उघडा पडलेला असेल तर जुनी शिल्लक त्यात उरते आणि वय फुगतं. ती पुसायला बर्फाने सुमारे तीन मीटर खडक खरवडायला हवा. बूड गोठलेला बर्फ तेवढं करतच नाही. उलट हिमोढ (बर्फाने कडेला रचलेला दगडमातीचा ढीग) ढासळून धोंडा उशिरा वर आला तर वय कमी भरतं. एका धोंड्यावर रेघ नको. माथ्यावरचे, मीटरभर उंच असे पाच तरी घ्या, आणि त्यातला एखादा वेगळा निघाला तर तो का वेगळा हे लिहा, गुपचूप टाकून देऊ नका.

सीमारेषा
ठीक. एक रेघ नको. ब्रिटन-आयर्लंडच्या अलीकडच्या पुनर्रचनेत प्रत्येक काळासाठी किमान, कमाल आणि सर्वांत पटणारी अशा तीन हद्दी दिल्या आहेत, तसं करतो. तुमच्या समाधानासाठी किमानवाली जाड काढतो आणि कमालवाली इतकी पुसट, की फक्त तुम्हालाच दिसेल.

दगडधोंडे
चालेल. जिथे फक्त किनाऱ्यावरचे सुटे दगड आहेत, तिथे तुटक ठेवा.

पन्नासगोटे
आणि सुई ॲल्युमिनियमची.